नवतप्यात गारा

सकाळी साडेआठला मोजायचं, असा नियम आहे.
आठवडाभर मोजण्यासारखं काही नव्हतं.
नरसाळ्यात धूळ, एक वाळलेला नाकतोडा,
तलाठी कार्यालयाच्या भिंतीवरून उलटून येणारा जाळ.
तरी मी रोज लिहिते : शून्य दशांश शून्य.
तहसीलच्या बाबूला नुसतं शून्य चालत नाही.

नवतप्याच्या सहाव्या दिवशी
कोंबड्या रांजणाच्या ओल्या बुडाशी
चोची उघड्या टाकून पडल्या होत्या.
कूलरच्या ताट्या खडखडीत, टँकर परवा.
वरून आदेश आला, गावात सांगा :
दुपारी बारा ते चार कोणी बाहेर पडू नये.
पदराच्या गाठीत कांदा बांधून
मी घरोघर सांगत फिरले,
दुपारी बारा ते चार.

रात्री फोन आले.
हंसराज जैसलमेरहून : ताई, बंदुकीले हात लावला का फोड येते.
लेक गुहागरच्या दवाखान्यातून :
समुद्र हाय समोर, पन पान हालत नाही, आई.
ढग येते, पाहून जाते. कपडे वाळत नाहीत, अंगही.
दीर चिखलदऱ्याहून म्हणाला, रात्री दुलई लागते.
त्याच्याशी मी फार बोलले नाही.
सगळ्यांनी विचारलं, तिकडे किती आहे?
मला काय ठाऊक. तापमान मोजायचं यंत्र
कोतवालाला देत नाहीत.

आठव्या दिवशी वादळानं दुपारची वाट पाहिली नाही.
सकाळी सातलाच उत्तरेकडे काळं-तांबडं उठलं,
आधी धूळ, मग गोठ्याचा पत्रा, मग कोणाची तरी खाट
रस्त्यानं चालत गेली.
वीज पडली तेव्हा आवाज आधी आला की उजेड, सांगता येत नाही.
एवढं कळलं की बोडीवरचा मोह आता उभा नाही.
मग कवेलूंवर गारा.
आतून ऐकताना वाटलं,
कोणी पोतंभर बिब्बे ओतून राहिलं घरावर.

साडेआठला गेले तर नरसाळं गारांनी भरलेलं.
जुने कोतवाल सांगून गेले होते :
गारा असल्या तर पाणी होऊ द्या, घाई करू नका.
म्हणून उभी राहिले.

मुखरू नन्नावरे आला, पायरीवर बसला.
त्याच्या शेळ्या मोहाखाली होत्या.
पंचनामा मलाच करायचा होता, पण तो बोलला ते वेगळंच :
"नवतपा गळला, बाई. लिहू नको.
लिहिलं का मिरग आयकते, मंग तो येत नाही."

मी उत्तर दिलं नाही.
नरसाळ्याला बाहेरून दोन्ही तळवे लावले
लवकर वितळावं म्हणून.
बोटं बधिर होत गेली.
आठ दिवसांत पहिल्यांदा हात गार पडले होते
आणि मला बरं वाटत होतं,
हे मुखरूच्या देखत बरं वाटणं
कुठे ठेवावं कळेना.
थोड्या वेळानं तो उठला,
पलीकडून त्यानंही तळवे लावले.
आम्ही तसेच उभे होतो, पत्र्याला धरून,
आत गारा एकमेकींवरून घसरत होत्या.

काचेच्या मापात चौदा दशांश दोन.
मी लिहिलं. त्यानं पाहिलं, काही म्हणाला नाही.

मग दुसरा कागद काढला.
शेळ्या किती?
"तीन. एक गाभन होती. चार लिही."
रकाना एकच होता, आकड्यापुरता.
मी तीन लिहिलं, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत
बारीक अक्षरात, गाभण.
बाबू विचारील. विचारू दे.

दहा वाजेपर्यंत अंगणातली ओल उडाली.
मोहाच्या बुंध्यातून अजून धूर निघत होता
आणि पोरं उरलेल्या गारा शोधत होती
तुराट्यांच्या ढिगाखाली.
नवतप्याचा एक दिवस बाकी होता.